दोन बाय दोनची टाइल आणि बारा फुटांची खोली : फरशीच्या हिशोबाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. दहा बाय दहा इंचांची मोझॅक फरशी जागोजाग खचली होती, पॉलिश करूनही डाग जात नव्हते. घरमालक पती-पत्नीने जुनी फरशी उखडून ६०० × ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचं ठरवलं. बाथरूम, संडास आणि बाल्कनीला वेगळी, न घसरणारी टाइल घ्यायची होती, म्हणून तो भाग इथे धरलेला नाही. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि मधला पॅसेज एवढ्या फरशीचा हा हिशोब आहे.

मोजमाप त्यांनी स्वतः घेतलं, आणि नीट घेतलं. ॲग्रीमेंटमधल्या कार्पेट एरियावरून टाइल्स काढायची चूक अनेक जण करतात. २०१६च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात आतल्या भिंतींखालची जागाही धरली जाते आणि बाल्कनी वगळली जाते. तो आकडा विक्रीसाठी ठीक, फरशीसाठी नाही. इथे मात्र टेप लावून प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फूट-इंचांत लिहिली गेली आणि सगळ्यांची बेरीज ५०४ चौरस फूट आली.

पुढचा हिशोब असा झाला. टाइल दोन बाय दोन, म्हणजे चार चौरस फूट. ५०४ ÷ ४ = १२६. त्यावर पाच टक्के तूटफूट धरून १३३. एका बॉक्समध्ये चार टाइल्स, म्हणून ३४ बॉक्स, एकूण १३६ टाइल्स. दुकानदाराने आकडा पाहून मान डोलावली, माल आला, काम सुरू झालं.

अडचण

मिस्त्रींनी हॉलपासून सुरुवात केली. हॉल मधून मांडला, म्हणजे मधोमध दोरा धरून दोन्ही भिंतींकडे सारखा तुकडा येईल असा. त्यात ५४ टाइल्स लागल्या आणि दोन फुटल्या. हॉल सुरेख झाला.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बेडरूमची पाळी आली. खोली बारा बाय दहा. घरमालकांच्या डोक्यात चित्र स्पष्ट होतं : बारा फुटांत सहा टाइल्स, दहा फुटांत पाच, एकूण तीस, एकही काप नाही. मिस्त्रींनी मसाला कालवण्याआधी भिंतीलगत सहा टाइल्स कोरड्याच ओळीने ठेवल्या, मध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर (सांध्याची जागा राखणारे तुकडे) घातले आणि समोरच्या भिंतीशी उरलेल्या फटीत हात घातला. तीन बोटं आत गेली. “काका, ही फट भरायला बारीक पट्टी टाकली तर वाईट दिसेल. ओळीतली एक टाइल कमी करून दोन्हीकडे अर्धी-अर्धी घेतली तर या खोलीला बेचाळीस लागतील,” ते म्हणाले.

तीसच्या जागी बेचाळीस ऐकल्यावर काम थांबवलं गेलं. या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय. टाइल्स संपत आल्यावर थांबले असते, तर हातात एकही पर्याय उरला नसता.

तूट कुठून आली

पहिली तफावत टाइलच्या मापातच आहे. जिला सगळे दोन बाय दोन म्हणतात, ती दोन फुटांची नसते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी, आणि टाइल आहे ६०० मिमीची. एका टाइलचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे ३.८७५ चौरस फूट. चारच्या बॉक्सचं १५.५ चौरस फूट, १६ नव्हे. त्यामुळे ५०४ चौरस फुटांना काप आणि तूटफूट न धरताच १३० टाइल्स लागतात, १२६ नाही. (दर चौरस फुटाने ठरत असेल, तर बिलात बॉक्स १५.५ने धरलाय की १६ने, हे आधी विचारावं. १६ने धरला तर ३४ बॉक्समागे १७ चौरस फुटांचे पैसे जास्त जातात.)

चार टाइल्सचा हा फरक तसा किरकोळ. खरी तूट कापांत आहे. क्षेत्रफळाचा भागाकार गृहीत धरतो की टाइलचा प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे वापरला जाईल. प्रत्यक्षात ६०० मिमीच्या टाइलमधून ३२० मिमीचा तुकडा काढला की ब्लेडची जाडी वजा जाता साधारण २७७ मिमी उरतात, आणि त्या २७७ मधून दुसरा ३२०चा तुकडा निघत नाही. भागाकाराने जिथे अर्धी टाइल धरली, तिथे पूर्ण टाइल खर्च होते.

टाइल ६०० आणि सांधा २, म्हणून खोलीचं माप ६०२ने भागायचं. बाकी काय राहते, ते पाहायचं. बाकी २९८ मिमीपर्यंत असेल तर एका टाइलमधून दोन तुकडे निघतात, त्याहून जास्त असेल तर एकच. या घरात बाक्या अशा आल्या :

हॉलची ५१८० मिमी लांबी : आठ टाइल्स आणि ३६४ बाकी. ३२९० मिमी रुंदी : पाच टाइल्स आणि २८० बाकी.
मोठी बेडरूम, ३६६० : सहा टाइल्स आणि ४८ बाकी. ३०५० : पाच टाइल्स आणि ४० बाकी.
लहान बेडरूम, ३३५० : पाच आणि ३४०. २७४० : चार आणि ३३२.
स्वयंपाकघर, २७४० : चार आणि ३३२. २४४० : चार आणि ३२.
पॅसेज, २९०० : चार आणि ४९२. ९५० : एक आणि ३४८.

बारा, दहा, आठ फूट अशा गोल मापांच्या खोल्यांत ३२, ४०, ४८ मिमीच्या बाक्या येतात. ६०० मिमीच्या टाइलला यापेक्षा अडचणीची बाकी नाही. पूर्वीच्या खोल्या फुटांत आखलेल्या, आजची टाइल मिलिमीटरमध्ये पडते, आणि दोघांत दर दोन फुटांमागे जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक आहे. दोन मिमीच्या सांध्यांनी त्यातला थोडाच भरून निघतो.

काम थांबलं त्या दिवशी मिस्त्री आणि घरमालकांनी एका वहीत खोलीनिहाय हिशोब मांडला :

| खोली | क्षेत्रफळ (चौ. मी.) | भागाकाराने टाइल्स | मांडणीने टाइल्स |
|---|---|---|---|
| हॉल | १७.०४ | ४७.३ | ५४ |
| मोठी बेडरूम | ११.१६ | ३१.० | ४२ |
| लहान बेडरूम | ९.१८ | २५.५ | ३० |
| स्वयंपाकघर | ६.६९ | १८.६ | २१ |
| पॅसेज | २.७६ | ७.७ | १० |
| एकूण | ४६.८३ | १३०.१ | १५७ |

हॉलच्या ५४ आणि फुटलेल्या दोन वजा जाता हातात ८० टाइल्स होत्या आणि उरलेल्या चार खोल्यांना १०३ हव्या होत्या. तूट २३ची, आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फिरणारी टाइलची पट्टी, अजून धरलंच नव्हतं.

सगळीकडे सांगितला जाणारा दहा टक्क्यांचा नियमही इथे पुरला नसता. १३०वर दहा टक्के धरले तर १४४ टाइल्स, ३६ बॉक्स होतात. छोट्या खोल्यांत मोठी टाइल घातली की दहा टक्के हा आकडा अंदाजसुद्धा राहत नाही.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपं वाटलं ते सहा बॉक्स आणखी मागवणं. दुकानात चौकशी केली तर त्याच डिझाइनचा माल होता, पण बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच वेगळी होती. एक बॉक्स आणून हॉलच्या फरशीवर दोन टाइल्स शेजारी ठेवल्या. बल्बच्या उजेडात फरक कळेना. सकाळी खिडकीतून तिरका उजेड आला तेव्हा नवी टाइल किंचित पिवळट दिसली. वेगळ्या बॅचमध्ये मापातही थोडा फरक येऊ शकतो. एक मिलिमीटरचा फरक असला तरी चार-पाच टाइल्सनंतर सांधे एकमेकांसमोर येत नाहीत. गुजरातेत जिथे टाइल्स बनतात त्या मोरबीहून जुन्या बॅचचा माल मिळण्याची खात्री दुकानदार देऊ शकला नाही.

हॉल पुन्हा मांडायचा का, हाही विचार झाला. दाराशी अख्खी टाइल घेऊन कोपऱ्यातून सुरुवात केली असती, तर हॉलला ५४ऐवजी ५० लागल्या असत्या, कारण २८०च्या बाकीत एका टाइलमधून दोन तुकडे निघतात. पण मसाल्यात बसलेल्या टाइल्स उखडताना त्यांतल्या किती शाबूत निघाल्या असत्या? चार वाचवायला दहा गमावण्यात अर्थ नव्हता. शिवाय मधून मांडण्यामागे कारण होतं. हॉल गुण्यात नव्हता, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नव्हते. दोन कर्ण मोजले तर ६.१५ आणि ६.१२ मीटर आले. तीन सेंटिमीटरचा हा फरक म्हणजे ३२९०च्या भिंतीवर साधारण १८ मिमीचा तिरपेपणा. दोन्हीकडे मोठे तुकडे घेतले की तो डोळ्यांना दिसत नाही.

मोठ्या बेडरूममध्ये दोन्ही दिशांना बारीक पट्टी टाकली, तर फक्त ३० अख्ख्या टाइल्स लागल्या असत्या आणि सगळ्या पट्ट्या एका टाइलमधून निघाल्या असत्या. मिस्त्रींचा याला विरोध होता आणि तो योग्य होता. ४० मिमीची व्हिट्रिफाइड पट्टी कापताना तडकते, बसवल्यावर खाली पोकळ राहिली तर पलंगाच्या पायाने फुटते, आणि भिंत तिरपी असेल तर पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद होते. मोठ्या तुकड्यात एक सेंटिमीटरचा तिरपेपणा लपतो. चार सेंटिमीटरच्या पट्टीत तोच दारातून दिसतो.

शेवटचा पर्याय म्हणजे एखाद्या खोलीला पूर्ण वेगळी टाइल. पटायला हा सगळ्यात जड गेला, कारण घरभर एकसारखी फरशी हीच मूळ हौस होती. पण आकडे पाहिल्यावर यातून सुटका नव्हती. मोठ्या बेडरूममध्ये सगळ्या बारीक पट्ट्या टाकून अगदी ३१मध्ये काम उरकलं असतं, तरी स्वयंपाकघराच्या २१ हातात राहत नव्हत्या.

काय ठरलं

वेगळी टाइल स्वयंपाकघराला, आणि तीही मॅट. एरवीही हा निर्णय चांगलाच ठरला असता. चकचकीत टाइलवर तेलाचा थेंब आणि पाणी एकत्र आलं की पाय सटकतो. फरक उंबरठ्यावर तुटेल, म्हणजे दोन टाइल्स एकमेकींना थेट भिडणार नाहीत, हेही ठरलं. दारात ग्रॅनाइटची पट्टी टाकली. मॅट टाइलची जाडी आधीच्या टाइलपेक्षा वेगळी होती, ती लेव्हल याच पट्टीखाली सांभाळली गेली.

मोठ्या बेडरूममध्ये मात्र मधला मार्ग सापडला, आणि या प्रकरणात तो सर्वात शिकण्यासारखा आहे. ३६६०च्या दिशेला एका भिंतीला पूर्ण रुंदीचं वॉर्डरोब येणार होतं. त्या दिशेला दारापासून सहा अख्ख्या टाइल्स घेऊन ४८ मिमीची पट्टी वॉर्डरोबच्या भिंतीला ढकलली. ती कपाटाखाली गेली. तिच्यावर कुणाचा पाय पडणार नाही, कुणाला ती दिसणारही नाही. त्या पट्ट्या हॉलमध्ये फुटलेल्या दोन टाइल्समधूनच काढल्या. ३०५०च्या दिशेला, जिथे दारातून नजर जाते, तिथे चार अख्ख्या आणि दोन्ही बाजूंना ३२०चे तुकडे. सहा गुणिले सहा, ३६ टाइल्स. बेचाळीसमधल्या सहा वाचल्या आणि दिसण्यात काहीही गमावलं नाही.

स्वयंपाकघरातली ३२ मिमीची पट्टी तशीच नव्या ओट्याखाली गेली. तिथे २१ मॅट टाइल्स लागल्या.

स्कर्टिंग

घरमालकांच्या यादीत स्कर्टिंग नव्हतंच. चार इंची, म्हणजे १०० मिमीची पट्टी भिंतीलगत फिरवायची होती. सर्व खोल्यांच्या परिघाची बेरीज ६०.६ मीटर, त्यातून दारं, मोकळे भाग आणि ओट्याची भिंत वजा जाता ४६.४ मीटर उरले. ६०० मिमीच्या पट्टीने ७८ पट्ट्या झाल्या. अख्ख्या टाइलमधून १०० मिमीच्या पाच पट्ट्या निघतात. (सहावी ब्लेडच्या जाडीत जाते.) म्हणजे नव्या टाइल्स वापरल्या असत्या, तर आणखी १६ लागल्या असत्या.

पण इतकी कापाकाप झाली होती की उरलेले तुकडे ढिगाने होते. हॉलच्या कापांतून ११५ आणि १५७ मिमीचे तुकडे उरले होते, प्रत्येकातून एक पट्टी, अशा २६. मोठ्या बेडरूममधून २४, लहान बेडरूममधून २०, पॅसेजमधून ११. एकूण ८१, आणि स्वयंपाकघर वगळून गरज होती ६७ची. नव्या टाइलला हात लावावा लागला नाही.

एक खबरदारी इथे घ्यावीच लागते. २६०-२७० मिमीच्या तुकड्यातून दोन पट्ट्या काढल्या, तर एकीलाच कंपनीची सरळ कड मिळते. दुसरीच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात. सरळ कडेची पट्टी वरच्या बाजूला सरळ कड ठेवून दर्शनी भिंतीला लावायची. दुसरीची वरची कड घासून घ्यायची आणि ती पलंगामागे, दारामागे, कपाटाशेजारी वापरायची. मिस्त्रींनी पट्ट्यांचे दोन ढीग आधीच वेगळे केले होते, म्हणून हे जमलं. हेच मजुरांनी येईल ती पट्टी उचलून लावली असती, तर हॉलच्या दर्शनी भिंतीवर ठिसूळ, दातेरी कड आली असती.

निष्पत्ती

१३६पैकी हॉलला फुटलेल्या धरून ५६, मोठ्या बेडरूमला ३६, लहान बेडरूमला ३० आणि पॅसेजला १० लागल्या. बाथरूमच्या चौकटीपाशी खाच कापताना आणखी एक तडकली. तीन उरल्या. मॅट टाइलचे सहा बॉक्स, २४ टाइल्स, आणले. त्यातल्या २१ फरशीला आणि एक स्कर्टिंगला गेली, दोन उरल्या.

काम दोन दिवस थांबलं. ते दोन दिवस, मॅट टाइल्सची वेगळी वाहतूक आणि ग्रॅनाइटची पट्टी, एवढा जादा खर्च झाला. एकाही खोलीत दोन शेडची सरमिसळ झाली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

हॉलपासून सुरुवात केली ते नशिबाने बरं झालं. माल कमी पडणार असेल तर तो शेवटच्या, आतल्या खोलीत पडावा. पण कोरडी मांडणी पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांत व्हायला हवी होती. पूर्ण खोली भरायची गरज नसते. लांबीची एक ओळ आणि रुंदीची एक ओळ ठेवली की दोन्ही बाक्या कळतात, एका खोलीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्याही आधी, टाइल निवडायच्या वेळी, हे काम कागदावर होतं. प्रत्येक भिंत मिलिमीटरमध्ये, तीन ठिकाणी मोजायची : दोन टोकांना आणि मध्ये. दोन्ही कर्ण मोजायचे. मग ६०२ने भाग देऊन बाकी पाहायची.

कागदावर पाहिलं असतं तर टाइलचं मापच बदलता आलं असतं. त्याच मोठ्या बेडरूमला ८०० × ८०० मिमीची टाइल धरा. ३६६० ÷ ८०२ : चार आणि ४५२ बाकी. ३०५० : तीन आणि ६४४ बाकी. पाच गुणिले चार, वीस टाइल्स, १२.८ चौरस मीटर माल. ६०० मिमीच्या ४२ टाइल्सना १५.१२ चौरस मीटर लागत होता. टाइल मोठी म्हणजे वाया जास्त, ही समजूत सर्रास आहे. वाया जाणं टाइलच्या आकारापेक्षा बाकीवर अवलंबून असतं. ६०० × १२००ची टाइल घेतली असती तर मात्र काहीच सुटलं नसतं. बारा फुटांत तिच्या तीन बसतात आणि पुन्हा पाच सेंटिमीटरची फट उरते.

घरभर तीच टाइल ठेवायची, तर मूळ मागणी किती असायला हवी होती? हॉल ५४, मोठी बेडरूम कपाटाखालच्या पट्टीसकट ३७, लहान बेडरूम ३०, स्वयंपाकघर २१, पॅसेज १०, मिळून १५२. स्कर्टिंग तुकड्यांतून. फुटण्यासाठी पाच. पुढे नळाचं काम निघालं, एखादी टाइल फोडावी लागली, तर हाताशी असावा म्हणून एक बॉक्स. एकूण १६१, म्हणजे ४१ बॉक्स. मागवले होते ३४.

सात बॉक्स जास्त घ्यायची भीती वाटते ते उरतील म्हणून. त्यावर उपाय बिल करतानाच असतो. न उघडलेले बॉक्स परत घेणार का, किती दिवसांत, वाहतूक कुणाची, हे बिलावर लिहून घ्यायचं. माल उतरवताना प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर वाचायचा, वेगळा निघालेला बॉक्स टेम्पोतून खाली घ्यायचाच नाही. उरलेल्या तीन टाइल्स या घरात माळ्यावर उभ्या ठेवल्या आहेत. बॉक्सचा नंबर छापलेला पुठ्ठा कापून त्यांना बांधलाय, म्हणजे पुढे कधी जुळणी शोधायची झाली तर दुकानात तो दाखवता येईल.